बेनर्लीचा लोखंडी पूल: विटा सोडून लोखंड का, आणि बंद पडल्यावर तो पाडला का नाही?

पायवाट (प्रश्न):

नमस्कार मंडळी. सध्या नोकरीमुळे इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या जवळ राहतोय. इथल्या जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालायला जातो. बऱ्याच ठिकाणी रूळ काढून पायवाटा केल्यात. परवा बेनर्ली व्हायाडक्टवर गेलो. इल्कस्टन आणि ऑसवर्थ या दोन गावांच्या मधे एरवॉश नदीचं सपाट खोरं आहे, त्याच्यावरून हा पूल जातो. लांबी ४४३ मीटर, उंची साधारण १८ मीटर, मुख्य गाळे (दोन खांबांमधले भाग) १६. अख्खा पूल लोखंडी जाळीचा. गर्डर, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळया, जाळीचे, खांबही जाळीचे. लोक त्याला ‘आयर्न जायंट’ म्हणतात.

आता शंका.

एक, या भागात विटांची कमी नाही, आसपासचे जुने पूल विटांचे नाहीतर दगडाचे आहेत. खोरंही काही फार खोल नाही. मग इथेच लोखंड कशाला? आपल्याकडे घाटात एवढ्या उंच दगडी कमानी बांधल्या त्याच काळातल्या इंग्रजांनी, आणि स्वतःच्या घरी १८ मीटरला लोखंड?

दोन, ही लाइन १९६८ मध्ये बंद झाली. एवढं लोखंड भंगारात न जाता उभं कसं राहिलं? पुलावर भेटलेले एक आजोबा म्हणाले, “कापायला गेले होते, पण गॅसने कापलंच जाईना.” हे खरं, की गावगप्पा?

तीन, पूल २०२२ च्या जानेवारीत लोकांसाठी उघडलाय, मी त्यावरून चाललोय, त्यामुळे हे विचारायला उशीरच झाला. पण दीडशे वर्षांच्या लोखंडावर विश्वास ठेवायचा कसा?

इथे कोणी पुलांच्या कामातलं असेल तर सांगा.


खडूफळा:

पहिल्याचं उत्तर थोडक्यात: खाली कोळशाच्या खाणी. उंचीचा प्रश्नच नव्हता, जमिनीचा होता. बाकी गर्डरवाला काका येतील आणि आपल्या सगळ्यांची शिकवणी घेतील, वाट बघा.


गर्डरवाला:

आलो. खडूफळा, टोमणा पोचला.

माझी हयात रेल्वेच्या जुन्या गर्डरांच्या तपासणीत आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेली. बेनर्ली प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण त्याच्या जातीचे गर्डर हातोडीने ठोकून ठोकून कान तयार झालेत. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हा पूल कोणाचा ते बघा, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. ग्रेट नॉर्दर्न रेल्वे या कंपनीने नॉटिंगहॅमकडून डर्बी आणि पुढे स्टॅफर्डशरकडे जाणारी लाइन टाकली. उद्देश प्रवासी नव्हे, कोळसा. या पट्ट्यातल्या कोळशावर तोवर मिडलंड रेल्वेची मक्तेदारी होती आणि ग्रेट नॉर्दर्नला त्यात वाटा हवा होता. एरवॉश खोऱ्यात मिडलंडची लाइन आधीच धावत होती, शेजारी नदी, कालवे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून पलीकडे जायचं. मुख्य अभियंता रिचर्ड जॉन्सन. लोखंडकाम डर्बीच्या ईस्टवुड, स्विंगलर आणि कंपनीचं. बांधकाम १८७६-७७, वाहतूक १८७८ च्या जानेवारीपासून.

आता गंमत अशी की ज्या कोळशासाठी लाइन टाकायची, तोच कोळसा पुलाखाली. जमिनीखालचा थर खणून काढला की वरची जमीन बसते. तीही एकदम आणि सरळ नाही बसत. खाणीत कोळसा तोडायचं काम पुढे सरकतं, तशी वरच्या जमिनीत एक लाट चालत येते. आधी ती जागा ताणली जाते, मग कलते, मग आवळली जाते आणि शेवटी खाली जाऊन थांबते. तुमच्या पुलाचा एक खांब या लाटेच्या पुढे आणि दुसरा मागे असेल, तर एक आज खचेल, दुसरा पुढच्या वर्षी.

कमानीला हे अजिबात चालत नाही. विटांच्या कमानीचा सगळा खेळ दाबावर असतो. कमान दोन्ही बाजूंना रेटा देते, शेजारची कमान तो रेटा परतवते, आणि असं करत रांग उभी राहते. एक खांब खाली गेला किंवा दोन खांबांमधलं अंतर थोडं वाढलं की दाबाची रेषा कमानीच्या जाडीबाहेर जाऊ बघते, विटांचे सांधे उघडतात. वीट ताण घेत नाही. शिवाय विटांचा पूल वजनाने प्रचंड, म्हणजे आधीच पोकळ झालेल्या जमिनीवर आणखी भार.

गाळ्यांचं लोखंडी काम वेगळं वागतं. बेनर्लीचा एक मुख्य गाळा सुमारे २३.३ मीटरचा. समजा एक खांब १० सेंटीमीटर खचला. शेजारच्या खांबापर्यंत उतार झाला २३३ला १. कोळशाची गाडी सावकाश चालवायची, तेवढ्यात गर्डर जॅकने उचलून खाली पॅकिंग सारायचं, रूळ पुन्हा पातळीत आणायचे. रिव्हेट, म्हणजे तापवून ठोकलेल्या खिळ्यांनी, जोडलेली जाळी थोडं पिळवटणं सोसते. खांबही भरीव नाहीत, नळ्या आणि तिरके बंध मिळून झालेल्या जाळीचे, म्हणजे पायावर येणारं वजन कमी आणि वाऱ्याला आडवी भिंत नाही.

लोक इथे मला एक प्रश्न विचारतात, तो तुम्ही विचारायच्या आधीच उत्तर देतो. पुलाखालचा कोळसा न काढता तसाच ठेवायचा, एवढं सोपं होतं ना? नव्हतं. १८४५ चा रेल्वेबाबतचा एक कायदा आहे तिकडचा. रेल्वेने वरची जमीन विकत घेतली तरी खालचा कोळसा आपोआप तिचा होत नसे. खाणवाल्याला रुळांपासून ४० यार्डांच्या आत खणायचं असेल तर त्याने ३० दिवस आधी नोटीस द्यायची. रेल्वेला ते नको असेल तर तिने भरपाई मोजायची, आणि कोळसा जागच्या जागी राहायचा. पैसे मोजायचे नसतील तर खाणवाला खणायला मोकळा. म्हणजे मोठा विटांचा पूल बांधला की त्याच्याखालच्या कोळशाचं बिल कधी ना कधी येणार हे गृहीत धरा. हिशेब करणाऱ्याला हलका, लवचिक पूल त्यापेक्षा बरा वाटला तर नवल नाही.

विटांचे पूल खाणीच्या मुलखात बांधलेच नाहीत असंही नाही. ईशान्य इंग्लंडातल्या कॉन्सेटजवळचा हाउन्स गिल बघा, १८५८ चा, टॉमस बाउच या अभियंत्याचा. १२ कमानी, बेनर्लीपेक्षा कितीतरी उंच. तिथे रॉबर्ट स्टीफन्सन या नामवंत रेल्वे अभियंत्याच्या सल्ल्याने मधल्या काही खांबांखाली जमिनीत उलट्या कमानी घातल्या, म्हणजे भार एका ठिपक्यावर न येता पसरावा. तो पूल अजून उभा आहे, त्यावरही आता सायकलवाट आहे. तेव्हा वीट हरली असं मी म्हणणार नाही. बेनर्लीच्या जागी मात्र लोखंडच शहाणपणाचं होतं.


पायवाट:

काका, बसून वाचलं. त्या ४० यार्डांच्या कायद्याबद्दल पहिल्यांदाच कळलं. मग भराव का घातला नाही? मातीचा बांध खचला तर वरून माती टाकली की झालं.


गर्डरवाला:

खचण्याच्या दृष्टीने भराव उत्तमच. पण १८ मीटर उंचीचा भराव म्हणजे तळाशी त्याची रुंदी किती होईल बघा. बाजूचा उतार उभ्या एकाला आडवे दोन धरला तर नुसत्या उतारांचीच ७२ मीटर, वर दोन रुळांची जागा वेगळी. हे जवळजवळ अर्धा किलोमीटर, नदीच्या पुराच्या मैदानात आडवं. पाण्याला मोऱ्या ठेवा, कालव्याला पूल बांधा, मिडलंडला पूल बांधा. शेवटी पूल चुकत नाहीतच.


निळूभाऊ:

मी पुलांतला नाही, गाड्यांतला आहे, पण एक विचारतो. १८७८ म्हणजे तेच स्कॉटलंडमधल्या टे नदीच्या पुलाचं वर्ष ना? तोही लोखंडी, तोही जाळीचा. तो दीड वर्षात वादळात पडला आणि हा दीडशे वर्षं उभा. दोन्ही लोखंडच की!


गर्डरवाला:

निळूभाऊ, याच प्रश्नाची वाट बघत होतो. ‘दोन्ही लोखंडच’ इथेच सगळी गफलत आहे.

त्या काळी पुलाला तीन धातू होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड. घडीव लोखंड, इंग्रजीत रॉट आयर्न. आणि पोलाद. तिघांची प्रकृती तीन.

बिडात कार्बन २ ते ४ टक्के, आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला. दाब उत्तम घेतं, ताण आला की ते पापुद्रे म्हणजे आयत्या भेगा. वाकत नाही, इशारा देत नाही, थेट तुटतं. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा स्टीफन्सनचा बिडाच्या गर्डरांचा पूल गाडीखाली तुटला, तेव्हापासून बिडाचे गर्डर बदनाम झाले. पण खांबांसाठी बीड चालूच राहिलं, कारण खांबाला दाबच असतो, असं लोक म्हणत. वारा आडवा येईपर्यंत हे खरं असतं.

टे पुलाच्या उंच खांबांत बिडाच्या नळ्या होत्या आणि त्यांना जोडणारे तिरके बंध घडीव लोखंडाच्या पट्ट्यांचे. पट्ट्या अडकवायचे कान मात्र बिडाचे, नळीबरोबरच ओतलेले, आणि बोल्टची भोकंही साच्यातलीच, निमुळती. म्हणजे बोल्ट भोकात सरळ टेकत नाही, एका कडेला टेकतो. वाऱ्याने पट्टीत ताण आला की तो सगळा ताण बिडाच्या कानावर. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात उंच गाळे गाडीसकट नदीत गेले, गाडीतलं कोणीही वाचलं नाही. तो पूलही बाउचचाच, ज्याने हाउन्स गिल बांधला. एकाच माणसाचा एक पूल अजून उभा आणि एक नदीच्या तळाशी. त्याला नुसता मूर्ख ठरवणाऱ्यांशी माझं पटत नाही, पण वाऱ्याचा हिशेब त्याने नीट केला नव्हता हे खरं. पुढे १८८१ पासून तिकडे दर चौरस फुटाला ५६ पौंड वाऱ्याचा दाब धरायचा नियम आला.

बेनर्ली हा नियम यायच्या आधीचा. पण तिथे खांबही घडीव लोखंडाचे, बंधही घडीव लोखंडाचे. तणाव कुठेही आला तरी ठिसूळ कडी त्यात नाही. हा फरक.


खडूफळा:

पोलाद का नाही वापरलं मग? पोलाद स्वस्तात बनवायची बेसेमरची रीत १८५६ची. वीस वर्षं झाली होती.


गर्डरवाला:

सरकारने वापरू दिलं नाही म्हणून. ब्रिटनमध्ये रेल्वेपुलांना बोर्ड ऑफ ट्रेडची मंजुरी लागे, आणि त्यांनी पुलासाठी पोलाद मान्य केलं ते १८७७ मध्ये. चौरस इंचाला साडेसहा टन ताण धरायला परवानगी. घडीव लोखंडाला ५ टन. तोवर बेनर्लीचं काम चालू झालेलं. तिकडचा पोलादाचा पहिला जंगी पूल म्हणजे स्कॉटलंडमधला फोर्थ, १८९०.

माझ्या मते बोर्डाची सावधगिरी बरोबर होती. सुरुवातीच्या बेसेमर पोलादाचा एक घाणा चांगला तर दुसरा ठिसूळ असं चाले. घडीव लोखंड बनवणाऱ्याला निदान आपण काय बनवतो ते हाताला कळत होतं. भट्टीत वितळलेलं बीड सळईने ढवळत राहायचं, कार्बन जळत जातो तसा धातूचा वितळबिंदू वर चढतो, आणि भट्टीतच त्याचा घट्ट लगदा व्हायला लागतो. तो गोळा बाहेर काढून घणाखाली आणि मग रोलरमधून. हेन्री कॉर्टची रीत, १७८४ची. माणूस ढवळत असे, यंत्र नव्हे.

या ढवळण्यात मळी, म्हणजे धातूतला काचेसारखा गाळ, पूर्ण निघत नाही. ती धातूत अडकते आणि रोलरमधून जाताना लांब धाग्यांसारखी ताणली जाते. घडीव लोखंडाची पट्टी खाच पाडून वाकवून मोडा, बांबू मोडल्यावर निघतात तसे दोरे निघतात. बीड मोडलं तर करडं, दाणेदार. शेडमध्ये जुनी पट्टी आली की आम्ही प्रयोगशाळेत पाठवण्याआधी एक तुकडा असा मोडून बघायचो. दोरे दिसले की वेल्डिंगवाल्याला सांगायचं, लांब राहा.


पायवाट:

याचा गॅस कटरशी संबंध आहे का? आजोबांची गोष्ट राहिली.


गर्डरवाला:

आहे, पण आजोबांनी सांगितली तेवढी सरळ नाही. ही गोष्ट त्या पुलाबद्दल सगळीकडे सांगितली जाते: गॅसने कापता येत नव्हता, एकेक रिव्हेट काढून खोलावा लागला असता, ते परवडेना, म्हणून वाचला. अर्ध्याहून जास्त खरी आहे. मला तिच्यातला ‘कापताच येत नाही’ हा भाग खटकतो.

गॅसने पोलाद कापतात म्हणजे वितळवत नाहीत, जाळतात. आधी ज्योतीने लालभडक करायचं, मग शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोह पेटतं, त्याचं ऑक्साइड पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळतं, म्हणून झोत ते ढकलून बाहेर फेकतो आणि खाली ताजं लोह उघडं पडतं. कापणी आपोआप पुढे जाते. बिडात हे जमत नाही, कारण तिथे उलटं असतं. बीड स्वतः लवकर वितळतं, ऑक्साइड मागे राहतं, वर ग्रॅफाइट आडवं येतं.

घडीव लोखंडात कार्बन जवळपास नाहीच, म्हणजे तत्त्वतः ते छान जळायला हवं. जळतंही. पण मधेमधे मळीचे धागे. मळी आधीच जळलेली वस्तू, ती काय पेटणार? झोत अडखळतो, कड फाटकी येते, कापणाऱ्याचा वेग अर्ध्यावर. त्याहून मोठी अडचण रिव्हेटच्या बांधणीची. गर्डरचा पट्टा म्हणजे एकावर एक दोन, तीन, चार प्लेटा. मधल्या फटीत जुना रंग आणि गंज. झोत पहिली प्लेट कापतो आणि फटीत पसरतो, दुसरी गरमच होत नाही. पोलादाचे रिव्हेट गर्डर कापतानाही हा त्रास होतो. आणि जुना रंग शिशाचा, त्याची वाफ फुप्फुसात जाते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी एका साइटवर दोन दिवस डोकं जड आणि तोंडाला गोडसर चव, तेव्हा मुकादमाने आम्हाला दूध प्यायला सांगितलं होतं. त्याचा काही उपयोग नसतो, मास्क लागतो.

तेव्हा बेनर्ली कापता आला असता, पण महाग पडला असता. वाजवी भाषेत एवढंच म्हणता येईल.

आता एक पडताळा करून बघा. वेल्समधला क्रमलिन व्हायाडक्ट, १८५७ चा, ६१ मीटर उंच, घडीव लोखंडाचे गर्डर. १९६७ पर्यंत पाडून झाला होता. बाउचचाच बेला व्हायाडक्ट, १८६० चा, साधारण ६० मीटर उंच, तोही १९६३ मध्ये उतरवला. लोखंड कापता येत नसल्याने पूल वाचत असते तर हे दोन का गेले? त्यांचे खांब बिडाचे होते. बिडाचं कापणं अवघड, पण फोडणं सोपं. घण घातला की ठिकऱ्या. पोलाद फुटत नाही पण कापलं जातं. घडीव लोखंड फुटतही नाही आणि धड कापलंही जात नाही. बेनर्लीचे खांबसुद्धा त्याचेच, म्हणून पाडणाऱ्याला कुठूनही सोपी सुरुवात नव्हती. हे माझं अनुमान आहे, पण भंगाराचा धंदा जवळून पाहिलेल्या माणसाचं आहे.

बाकी श्रेय कागदांचं. ब्रिटिश रेल्वेला पूल पाडायचाच होता, तिने रीतसर परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. पुढे त्याला संरक्षित वास्तूंमधला ‘ग्रेड टू स्टार’ दर्जा मिळाला. मालकी ‘रेल्वे पाथ्स’ या धर्मादाय संस्थेकडे आली, गावकऱ्यांनी मित्रमंडळ काढलं, २०२० मध्ये ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’च्या यादीत नाव आलं, मग दुरुस्ती. तुम्ही चाललात ते त्या लोकांच्या चिकाटीवर.


निळूभाऊ:

एक भर माझीही. पहिल्या महायुद्धात, ३१ जानेवारी १९१६ च्या रात्री जर्मन झेपेलिन हवाई जहाजं इंग्लंडच्या मधल्या भागावर आली, तेव्हा या पुलाच्या आसपासही बाँब पडले होते. पुलाला काही झालं नाही.


गर्डरवाला:

जाळीच्या पुलाला बाँबच्या हवेच्या धक्क्याचं फारसं काही वाटत नाही, धक्का आरपार जातो. पण इथे नेमच चुकला होता, उगाच लोखंडाचं कौतुक नको.

पायवाट, तुमचा तिसरा प्रश्न. दीडशे वर्षांच्या लोखंडावर विश्वास ठेवायचा की नाही.

हा पूल कोळशाच्या भरलेल्या मालगाड्यांसाठी बांधलेला, दोन रुळांवर. आता त्यावर तुम्ही, कुत्री आणि सायकली. भाराची काळजीच सोडा. काळजी असते ती गंजाची, आणि तीही सगळीकडे सारखी नसते. घडीव लोखंड गंजतं सावकाश, निदान माझा अनुभव तसा. पण गंजलं की थरांमध्ये उलगडतं. जिथे दोन प्लेटांच्या फटीत पाणी साचतं तिथे खरं दुखणं. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो फटीत फुगून प्लेटा अलग करतो, रिव्हेटची डोकी उडवतो. त्यामुळे तपासणारा माणूस उघड्या, उन्हातल्या लांब पट्ट्या बघण्यात वेळ घालवत नाही. सांध्यात, कोपऱ्यात, पक्ष्यांची घाण साचते तिथे, गर्डर टेकतो तिथे आधी हात घालतो.

रिव्हेट कसा तपासतात तेही सांगतो, वाचायला आवडेल. डोक्याच्या एका बाजूला बोट असं ठेवायचं की ते डोक्यावर आणि प्लेटवर दोन्हीवर टेकेल. समोरून हलक्या हातोडीने ठोकायचं. घट्ट रिव्हेट असेल तर बोटाला काही कळत नाही, आवाज खणखणीत. सैल असेल तर बोटाखाली डोकं हललेलं जाणवतं आणि आवाज बसका. लालभडक रिव्हेट भोकात घालून डोकं ठोकलं की थंड होताना तो आखडतो आणि प्लेटा आवळतो. जोडाची ताकद बरीचशी या आवळण्यात असते. सैल रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट होत नाही. काढायचा आणि त्या जागी आता बहुधा बोल्ट.


खडूफळा:

लांबी ४४३ मीटर. उन्हाळ्या-हिवाळ्यात लोखंड किती वाढतं-घटतं याचा हिशेब मुलांना घालतो नेहमी. दर अंशाला लांबीचा सुमारे १२ दशलक्षांश भाग. ३० अंशांचा फरक धरला तर १६ सेंटीमीटर. एवढा पूल दोन्ही टोकांना कोंडला असता तर?


गर्डरवाला:

तर त्याने टोकाच्या भिंती ढकलल्या असत्या, नाहीतर स्वतः वाकला असता. म्हणूनच गाळे. २३.३ मीटरच्या गाळ्याला तोच हिशेब लावा, ८ मिलिमीटर येतील. ८ मिलिमीटर सांभाळणं सोपं. विटांचा पूलही वाढतो-घटतो हं, फक्त त्याच्या पोटात इतकं वस्तुमान असतं की त्याला आतपर्यंत तापायला वेळच मिळत नाही.


पायवाट:

काका, एक शेवटचं. हा असा दुसरा पूल आहे का बघण्यासारखा? आणि पुढच्या वेळी बेनर्लीला गेलो तर नेमकं काय बघू?


गर्डरवाला:

इंग्लंडात घडीव लोखंडाचे रेल्वे व्हायाडक्ट दोनच उरलेत. दुसरा डेव्हनमध्ये, डार्टमूरच्या कडेला ओकहॅम्प्टनजवळ, मेल्डनचा. १८७४ चा, लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा, उंची ४६ मीटर. तिथे कोळशाची खाण नाही, खोल दरी आहे, म्हणून तो बेनर्लीपेक्षा आखूड आणि खूप उंच. त्याची गंमत अशी की आधी एका रुळाचा पूल बांधला, मग दुसऱ्या रुळासाठी १८७९ मध्ये त्याला चिकटून जवळजवळ तसाच दुसरा पूल बांधला आणि दोघांना एकत्र जोडलं. खालून वर बघितलं तर खांबांची दुहेरी रांग दिसते. त्यावरूनही आता सायकलवाट जाते. उंची सोसत असेल तर जा.

बेनर्लीला गेलात तर वर फार वेळ काढू नका, खाली उतरा. खांबांच्या नळ्या बघा. त्यांवर वरपासून खालपर्यंत उभ्या रिव्हेटच्या रांगा दिसतील. घडीव लोखंड ओतता येत नाही, म्हणून एवढी नळी वळवलेल्या पट्ट्या जोडूनच करावी लागते. बिडाच्या खांबावर अशी रांग कधीच नसते, त्याच्या फक्त टोकांना बोल्टची कडी असते. हे एकदा डोळ्यांत बसलं की कुठलाही जुना पूल गाडीच्या खिडकीतून ओळखता येतो.

मग खांबाचा पाया बघा. तळाला निळसर, टणक विटा, वर दगडाची टोपी, त्यावर लोखंड. निळी वीट पाणी पीत नाही, पुराच्या मैदानात तीच हवी.

आणि वेळ असेल तर डर्बीत फ्रायरगेटचा पूल बघा. याच लाइनवरचा, १८७८ चाच, अँड्र्यू हँडिसाइडच्या कारखान्याचा. तिथे शहरातले प्रतिष्ठित लोक रस्त्यावरून पूल जाणार म्हणून नाराज, म्हणून कंपनीने बिडाची भरपूर नक्षी लावली. बेनर्लीला नक्षीचा तुकडा नाही. तिथून बघणारे खाणकामगार होते, त्यांची कोणी समजूत काढायला गेलं नाही. मला विचाराल तर त्यामुळे बेनर्ली जास्त देखणा झाला.


खडूफळा:

नळीवरच्या रिव्हेटचा जवळून एक फोटो टाका पायवाट, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून. अंतर मोजायला वर्गात उपयोगी पडेल.


पायवाट:

टाकतो. पट्टी घेऊन जातो, नाणं खाली चिखलात पडलं तर सापडायचं नाही.